कुतच्या वेढ्यातला मराठा शिपाई : पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक गावांत एक लहान दगडी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ या काळात गावातून इतकी माणसे महायुद्धात गेली आणि त्यांपैकी इतकी कामी आली, एवढाच मजकूर तीवर असतो. नाव एकाचेही नसते. त्या आकड्यांमागचा माणूस शोधायचा तर आधी त्याच्या पलटणीचा शोध घ्यावा लागतो.

कोल्हापूर भागातून लढाईवर गेलेले बहुतेक शिपाई संस्थानी फौजेत नव्हे, तर ब्रिटिश हिंदी लष्करातील मराठा पलटणींत होते. तुटपुंजी जमीन, १८९९-१९०० चा दुष्काळ आणि प्लेगची साथ सोसलेल्या घरांना महिना ११ रुपयांचा पगार आणि पुढे पेन्शनची आशा मोठी वाटे. राजर्षी शाहू महाराजांनी भरतीला उघड पाठिंबा दिला. १८९० च्या दशकात लष्कराने महारांना दारे बंद केली होती. १९१७ मध्ये मनुष्यबळाची निकड भासताच १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. हा उघड अन्याय होता, असे माझे मत आहे.

या शिपायांच्या वाट्याला आलेला सर्वांत कठीण काळ मेसोपोटेमियातला, म्हणजे आजच्या इराकमधला. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतल्यावर ब्रिटिश हिंदी लष्कराची सहावी पुणे डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने चढत गेली. पण नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉन येथे अडल्यावर डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंड यांनी माघार घेतली आणि तैग्रिसकाठचे कुत-अल-अमारा, म्हणजेच कुत, हे गाव गाठले. ७ डिसेंबरपासून तुर्कांनी कुतला वेढा घातला. १७६८ साली उभारलेली ‘जंगी पलटण’ म्हणजे १०३ वी, तसेच ११० वी आणि ११७ वी, अशा तीन मराठा पलटणी आत अडकल्या. शिधा घटत गेला, भाजीपाला मिळेनासा झाल्याने हिंदी शिपायांना स्कर्व्ही या आजाराने गाठले, आणि घोड्याचे मांस खाण्यास त्यांच्यापैकी पुष्कळांनी बराच काळ नकार दिला. धर्माधिकाऱ्यांची संमती मागवावी लागली, यावरून अन्नाचा प्रश्न त्यांच्यासाठी पोटापलीकडचा होता हे कळते. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत बाहेरच्या सैन्याचे सुमारे २३ हजार लोक मारले गेले वा जखमी झाले, तरी जवळपास पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे १३ हजार जणांना शरण जावे लागले. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखाने ठेवण्यात आले. शिपायांना मात्र वाळवंटातून पायी चालवत नेले आणि त्यांतील अनेकांना रास-अल-ऐन परिसरात बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. वाटेत आणि त्या छावण्यांत किती तरी जण दगावले.

जे वाचून परतले, त्यांना १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने पोळलेली घरे दिसली. १९२२ मध्ये जुन्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आणून बेळगावला प्रशिक्षण केंद्र उभारण्यात आले, आणि कोल्हापूरच्या पोरांची भरतीची वाट पुढे त्या गावाकडे वळली. शिरोळ तालुक्यातील टाकळी तर सैनिकांच्या परंपरेमुळे सैनिक टाकळी म्हणूनच ओळखली जाते.

मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्ञात कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक जणांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभे राहिले. ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे त्यावर कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली फक्त संख्या दिली गेली, आपल्या गावातल्या पाटीवर आहे तशीच.