फाइन लाइन टॅटू: जेलमधली सुई आणि सोलची कोर्टकेस

मनगटावर केसाएवढ्या रेषेतलं फूल, कानामागे बोटाच्या पेराएवढी चंद्रकोर, असली टॅटू दिसली की हल्ली सगळे कोरियन स्टाइल म्हणून मोकळे होतात. पण बारीक रेषेचं काम आधी गाजलं ते कॅलिफोर्नियाच्या जेलमधून. तिथल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, कैद्यांकडे मशीन कुठलं असणार, कॅसेट प्लेअरची मोटर, घासून टोकदार केलेली गिटारची तार आणि काळी शाई एवढंच. एका सुईने जाड आउटलाइन भरत बसणं शक्य नाही, मग रेष बारीक ठेवायची आणि काळ्यात पाणी घालून ग्रे शेडिंग करायचं. १९७५ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसमधल्या एका दुकानाने हे काम व्यवस्थित मशीनवर आणलं. जाड रेषावाले जुने आर्टिस्ट तेव्हापासून सांगतायत की हे टिकणार नाही, आणि त्यात तथ्य आहेच, शाई त्वचेत हळूहळू पसरते.

आता कोरिया. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टॅटू काढणं हे वैद्यकीय काम ठरवलं, म्हणजे डॉक्टरचं लायसन्स नसेल तर गुन्हा. गंमत म्हणजे केस टॅटूची नव्हतीच, भुवया गोंदण्याची होती! खालच्या कोर्टाने सोडून दिलं होतं, कारण रंग त्वचेच्या वरच्या थरातच जातो म्हणे. वरच्या कोर्टाने उलटं धरलं: हात चुकला तर सुई खालच्या थरात जाईल, आणि सुईवरून रोग पसरू शकतात. भीती खोटी नाही, पण त्यावर उपाय स्वच्छतेचे नियम आणि ट्रेनिंग हा होता, एमबीबीएस नाही. डॉक्टर झालेला माणूस ड्रॉइंग कधी शिकणार?

परिणाम असा झाला की धंदा बंद नाही पडला, फक्त पाटी गेली. स्टुडिओ बेसमेंटमध्ये नाहीतर वरच्या मजल्यावर, आर्टिस्ट टोपणनावाने, पत्ता बुकिंग झाल्यावर मेसेजमध्ये. कस्टमर धमकी देऊन पैसे उकळायला लागला तरी पोलिसांकडे जायची सोय नाही. त्यात मोठा टॅटू म्हणजे गुंड हा समज तिथे घट्ट, त्यामुळे कपड्याखाली, घड्याळाखाली लपेल असं छोटं नाजूक काम जास्त चाललं. २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं आणि बिनपाटीच्या दुकानांना शोकेस मिळालं, मग परदेशातले लोक टॅटू काढायला सोलला यायला लागले, तिथले आर्टिस्ट न्यूयॉर्क, लंडनला गेस्ट म्हणून जायला लागले.

जपानमध्येही ओसाकाच्या एका आर्टिस्टवर याच मुद्द्यावर खटला झाला, त्याने दंड भरायला नकार दिला आणि २०२० मध्ये वरपर्यंत जाऊन जिंकला. कोरियात मात्र २०२२ मध्ये घटना न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशी बंदी कायम ठेवली, एका मताने! त्याच वर्षी युरोपियन युनियनने शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आणले, पण त्याची झळ रंगीत कामवाल्यांना जास्त.

शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये कोरियाच्या संसदेने, डॉक्टर संघटनांचा विरोध असताना, टॅटू आर्टिस्टला स्वतंत्र लायसन्स देणारा कायदा पास केला. अंमलबजावणीला दोन वर्षांची मुदत आहे. टॅटू पुसायचं काम मात्र अजून डॉक्टरांकडेच ठेवलंय.