पन्नास वर्षांच्या रेल्वेला दोन वर्षांचं सॉफ्टवेअर

रेल्वेची नवी सिग्नल यंत्रणा तयार करायला तीन ते पाच वर्षं लागतात. ती विकत घेणाऱ्या रेल्वेच्या गरजेप्रमाणे तिच्यात फेरफार करायला आणखी दोन ते चार. त्यावर सुरक्षा प्रमाणपत्राचं एक वर्ष. म्हणजे त्या सिग्नलवर पहिली गाडी धावायच्या आधीच सहा ते दहा वर्षं उलटलेली असतात. पुढे ही यंत्रणा २५ ते ५० वर्षं चालावी अशी अपेक्षा असते. वीजकेंद्राच्या नियंत्रण यंत्रणेचा हिशेब तर २० ते ६० वर्षांचा धरतात.

अशा यंत्रणांच्या पेटीत आता बऱ्याचदा एक छोटा औद्योगिक संगणक असतो आणि त्यावर लिनक्स ही खुली संगणक प्रणाली. लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. वर्षातून एखादी आवृत्ती दीर्घकालीन म्हणून निवडतात. तिला दुरुस्त्या मिळत राहण्याची मूळ हमी दोन वर्षांची; काही आवृत्त्यांना ती वाढवून सहा वर्षांपर्यंत मिळाली. पहिल्या दिवशी निवडलेला कर्नल प्रमाणपत्र हाती येईपर्यंत बेवारस होतो, तो असा.

मग सल्ला ठरलेला असतो: चालतंय ना, तर हात लावू नका. यंत्र बाहेरच्या नेटवर्कला जोडलेलं नसेल तर या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. प्रोग्राम गंजत नसला तरी त्याच्या आत मोजणी चालू असते आणि प्रत्येक मोजणीला मर्यादा असते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये बोइंग ७८७ विमानांसाठी आदेश काढला तो याच कारणाने. वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटरांचे नियंत्रक एकाच वेळी काम सोडू शकतात, म्हणून ठरावीक मुदतीत विमानाची वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, असं त्यात सांगितलं होतं. कारण होतं सॉफ्टवेअरमधला एक मोजणीचा आकडा भरून वाहणं. हिशेब करून पाहा. ३२ बिटांपैकी एक बिट धन-ऋण चिन्हासाठी सोडला आणि सेकंदाचा शंभरावा भाग एकक धरला, तर आकडा २४८ दिवस आणि साधारण १३ तासांत भरतो.

हीच गोष्ट सेकंदांनी केली की २०३८ चा प्रश्न उभा राहतो. युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रणा वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांत. ३२ बिटांच्या जागेत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ सेकंद मावतात. ते संपतात १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होतो आणि घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू लागतं. मुंबईत ती लोकलच्या ऐन गर्दीची वेळ, पण म्हणून सगळ्या गाड्या त्या सेकंदाला थांबतील असं समजू नये. नवे ६४ बिटी संगणक यातून बरेचसे सुटलेले आहेत. प्रश्न आहे तो मीटर, गेटवे, नियंत्रक अशा ३२ बिटी पेट्यांचा, ज्या भिंतीवर एकदा ठोकल्या की कुणी पुन्हा उघडून पाहत नाही.

चार बाइटच्या जागी आठ बाइट घ्यायचे, एवढाच तर उपाय, मग अडचण कुठे? अडचण जुळणीत आहे. प्रोग्राम आणि लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) एकमेकांना माहितीचे तक्ते देतात, आणि कोणता रकाना कितव्या बाइटला सुरू होतो हे दोघांनी सारखंच धरलेलं असतं. वेळेचा रकाना रुंद झाला की पुढचे सगळे सरकतात. जुन्या प्रोग्रामला पुढचा रकाना पाचव्या बाइटवर हवा असतो, नवी लायब्ररी तो नवव्यावर ठेवते. दोघेही चूक म्हणून ओरडत नाहीत. फक्त चुकीची माहिती वाचतात. म्हणून सगळं एकदम नव्याने बांधावं, म्हणजे सोर्स कोडपासून पुन्हा तयार करावं लागतं. ३२ बिटी यंत्रांवर ६४ बिटी वेळ देणारा पहिला कर्नल ५.६ मार्च २०२० मध्ये आला. सी भाषेच्या मुख्य लायब्ररीत ही सोय ऑगस्ट २०२१ मध्ये आली. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने २०२४ मध्ये हे स्थलांतर हाती घेतलं तेव्हा हजारभर लायब्ररींच्या पॅकेजांची नावं शेवटी ‘टी६४’ लावून बदलावी लागली. हेतू इतकाच, की जुनं आणि नवं चुकूनही एकत्र बसू नये.

फाइल व्यवस्थेत आणखी एक खड्डा आहे. एक्स्ट-४ या लिनक्समधल्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत प्रत्येक फाइलच्या नोंदीला १२८ किंवा २५६ बाइट देता येतात. २५६ असतील तर तारखा २४४६ पर्यंत मावतात, १२८ असतील तर २०३८ लाच संपतात. आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत डिस्कचा ५१२ एमबीपेक्षा लहान विभाग तयार करताना आपोआप १२८ च निवडले जायचे. म्हणजे मोठा डेटा विभाग ठीक आणि सुरुवातीचा छोटा बूट विभाग अडकलेला, अशी यंत्रं सापडतात. निर्मितीच्या वेळी हा आकडा स्वतः लिहून द्यावा. बसवलेल्या यंत्रात तो बदलणं जिकिरीचं काम आहे.

चाचणी मात्र एका दुपारची आहे. एक सुटं यंत्र घ्या आणि त्याची नेटवर्कची वायर काढा, नाहीतर वेळेचा सर्व्हर घड्याळ गुपचूप मागे आणतो. घड्याळ १९ जानेवारी २०३८, सकाळी ८.३५ ला लावा आणि वीस मिनिटं थांबा. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, नोंदी पडत राहतात का, दर मिनिटाला चालणारी कामं सुटतात का, वीज घालवून पुन्हा दिल्यावर वर्ष तेच राहतं का, हे पाहा. इथे एक फसगत नेहमी होते: यंत्रातली, जोडणी करताना ओळख पटवणारी सगळी डिजिटल प्रमाणपत्रं त्या तारखेला आधीच मुदत संपलेली असतात, त्यामुळे जोडणी तुटते आणि दोष घड्याळाच्या आकड्याला दिला जातो. चाचणीसाठी लांब मुदतीची वेगळी प्रमाणपत्रं घाला. आणि हे यंत्र नंतर साइटवर पाठवू नका. त्याच्या डेटाबेसमध्ये २०३८ च्या नोंदी राहिलेल्या असतात. उपग्रहावरून वेळ घेणाऱ्या यंत्रासाठी दुसरी तारीखही लिहून ठेवावी. जीपीएसचा आठवड्यांचा १० बिटी आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. तो एप्रिल २०१९ मध्ये आला होता, पुन्हा येईल २१ नोव्हेंबर २०३८ ला.

हात न लावणं जमत नाही, तर दहा-वीस वर्षं हात लावत राहायचं कसं? लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१६ मध्ये सुरू झालेल्या सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म या प्रकल्पाचं उत्तर पाहण्यासारखं आहे. सीमेन्स, हिताची, तोशिबा या एरवी एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी काही निवडक कर्नल किमान दहा वर्षं मिळून सांभाळायचं ठरवलं. पहिला कर्नल ४.४, मग ४.१९, ५.१०, ६.१. यातल्या ४.४ वरचं मूळ समुदायाचं काम फेब्रुवारी २०२२ मध्ये ४.४.३०२ या आवृत्तीवर थांबलं. सहा वर्षांत ३०२ दुरुस्ती-आवृत्त्या, म्हणजे आठवड्याला जवळपास एक. त्यापुढचा भार या प्रकल्पाने उचलला.

त्यांचा एक नियम असा, की दुरुस्ती आधी मूळ लिनक्समध्ये गेली पाहिजे, तरच ती जुन्या कर्नलमध्ये येते. हे शिष्टाचारासाठी नाही. कपाटात जपलेला खासगी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, प्रत्येक नव्या आवृत्तीवर पुन्हा बसवावा लागतो, आणि पाच वर्षांनी तो का लिहिला होता हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. दुसरी गोष्ट, सगळा कर्नल सांभाळायचाच नाही. सदस्य आपापल्या यंत्रांवर कोणते ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) आणि सोयी चालू आहेत त्याची यादी देतात, आणि लक्ष तेवढ्याच भागावर राहतं. कोट्यवधी ओळींच्या ढिगातून आपला भाग वेगळा काढला की दहा वर्षांचं काम आवाक्यात येतं. तरीही मागे नेलेली दुरुस्ती फसवते. नव्या कर्नलसाठी लिहिलेला पॅच जुन्यावर कुरकुर न करता बसतो, पण ज्या कुलुपावर (एकाच माहितीला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून घातलेल्या अडवणुकीवर) तो विसंबून होता ते जुन्या कर्नलमध्ये दुसऱ्याच फंक्शनमध्ये असतं. पॅच बसला म्हणजे काम झालं असं मानणाऱ्यांच्या यंत्रणा महिन्याभराने, भार वाढला की, गोठतात.

खरी परीक्षा मात्र बांधणीची असते. सोर्स कोड आहे म्हणून निश्चिंत राहू नये. कोडपासून तोच प्रोग्राम पुन्हा तयार करायला तोच कंपायलर (कोडचा प्रोग्राम करणारं साधन) आणि त्याच लायब्ररी लागतात, आणि त्या बहुधा इंटरनेटवरून ओढल्या जात असतात. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक भांडारातून ११ ओळींचं ‘लेफ्ट-पॅड’ हे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून टाकलं आणि जगभरातल्या असंख्य बांधण्या अडल्या. म्हणून लागणारं सगळं आपल्या सर्व्हरवर उतरवून ठेवायचं आणि वर्षातून एकदा तालीम करायची: कोरा संगणक, इंटरनेट बंद, कामाला असा माणूस ज्याने तो कोड लिहिलेला नाही, हाताशी फक्त लेखी सूचना. दोनदा बांधून दोन्ही फाइलींचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा) जुळतो का ते पाहायचं. जुळला नाही तर पहिला संशय बांधणीच्या तारखेवर घ्यावा. बरीच साधनं ती गुपचूप फाइलमध्ये कोरतात. तारीख बाहेरून नेमून दिली की बहुतेक फरक मिटतो.

दुरुस्ती तयार झाली तरी ती दूरच्या यंत्रावर पोचायला हवी. त्यासाठी डिस्कवर दोन सारखे विभाग ठेवतात: चालू विभागाला न शिवता नवी आवृत्ती दुसऱ्यात लिहायची, आणि तीन प्रयत्नांत ती नीट उठली नाही तर यंत्राने आपणहून जुनीवर परतायचं. अपडेटवर डिजिटल सही करणाऱ्या गुप्त किल्लीची, ती सही तपासणारी सार्वजनिक जोडी यंत्रात एकच ठेवली तर ती गुप्त किल्ली हरवली त्या दिवशी सगळी यंत्रं कायमची बंद कुलपात जातात. किमान दोन ठेवाव्यात. प्रमाणपत्रांच्या मुदती तर यादी करून भिंतीवर लावाव्यात इतक्या महत्त्वाच्या. २००० साली दिलेलं, असंख्य वेबसाइटांच्या विश्वासाचा आधार असलेलं एक मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं आणि वर्षानुवर्षं अपडेट न झालेल्या उपकरणांना धडधाकट वेबसाइटही अविश्वासू वाटू लागल्या.

फ्लॅश मेमरीचंही तसंच. ८ जीबीची चिप आणि प्रत्येक जागी ३,००० वेळा लिहिण्याची क्षमता, म्हणजे कागदावर २४,००० जीबी. रोज ५ जीबी लॉग लिहिले तर तेरा वर्षं. पण चिप आतल्या आत जागा हलवताना त्याच्या चौपट लिहीत असेल, तर तीन वर्षं आणि काही महिने. टेस्लाने २०२१ मध्ये सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलावल्या त्या अशाच ८ जीबी चिपा झिजल्यामुळे. लॉग आधी रॅममध्ये साठवून तासातून एकदा लिहिणं, एवढ्या बदलाने बराच फरक पडतो.

आपल्याकडच्या निविदांमध्ये हा सगळा खर्च बहुधा ‘एएमसी’ (वार्षिक देखभाल करार) या एका ओळीत येतो आणि त्या ओळीत पंखे, बॅटऱ्या, वीजपुरवठा यांचीच नावं असतात. कर्नलची आवृत्ती आणि तिच्या दुरुस्त्यांची मुदत, भरलेल्या प्रत्येक लायब्ररीची यादी, बांधणीच्या वार्षिक तालमीचा अहवाल, आणि कंपनी बंद पडली तर सोर्स कोड व किल्ल्या कुणाकडे जातील, या चार गोष्टी करारात वेगळ्या लिहून घ्याव्यात. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्याची मुख्य कलमं डिसेंबर २०२७ पासून लागू होतात, आणि उत्पादन त्याआधीच बाद होणार नसेल तर सुरक्षा दुरुस्त्या किमान पाच वर्षं देणं तिथे बंधनकारक होतं. तिकडे माल पाठवणाऱ्या पुण्यातल्या कारखान्याला लायब्ररींची यादी तेव्हा करावीच लागेल. ती पहिल्या बांधणीबरोबर आपोआप तयार झाली तर काही मिनिटांचं काम, आणि दहा वर्षं जुन्या यंत्रातून उकरायची तर काही महिन्यांचं.