२ चा ६७ वा घात वजा १: एका एकवीस अंकी संख्येची पार्श्वभूमी

फ्रेंच भिक्षू आणि गणितज्ञ मारिन मर्सेन यांनी १६४४ मध्ये एक यादी प्रसिद्ध केली. २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळते असे २५७ पर्यंतचे घातांक तिच्यात दिले होते, आणि त्यांत ६७ होता. अशा मूळ संख्यांचा शोध जुनाच होता, कारण त्यांतील प्रत्येकीपासून एक परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या, तयार होते हे युक्लिडने सिद्ध केले होते. मर्सेन यांच्या दाव्याप्रमाणे २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या मूळ ठरत होती, परंतु एवढ्या मोठ्या संख्येची पडताळणी करण्याचे साधन त्या काळी कोणाजवळच नव्हते.

हा दावा १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी खोडून काढला. एका ठरावीक अनुक्रमातील विशिष्ट पदाला दिलेल्या संख्येने निःशेष भाग जातो की नाही, एवढ्यावरून ती मूळ आहे की संयुक्त हे ठरवण्याची रीत त्यांनी शोधली होती. या रीतीत विभाजक शोधावेच लागत नाहीत, आणि म्हणूनच ते कळतही नाहीत. परिणामी ही संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले, तरी तिला कोणत्या संख्येने भाग जातो हे पुढील २७ वर्षे अज्ञातच राहिले. माझ्या मते या संख्येच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा टप्पा हाच आहे, कारण संयुक्तपणाची सिद्धता आणि अवयवांचा शोध ही दोन वेगळी कामे आहेत, हे येथे ठळकपणे दिसले.

अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत ते अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ ही बारा अंकी संख्या. त्यांनी एकही शब्द न बोलता फळ्यावर गुणाकार करून दाखवला, ही प्रसिद्ध हकिकत मात्र अनेक दशकांनंतर लिहिली गेली आहे.

या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो, शिवाय त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरावी लागते. या दोन अटी पाळून लहानापासून क्रमाने भागाकार करत गेल्यास पहिला अवयव सुमारे सव्वासात लाख उमेदवारांनंतर हाती लागतो. हाताने गणित करणाऱ्याला ही वाट जवळजवळ अशक्यच, म्हणून कोल यांनी वर्गशेषांच्या, म्हणजे वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाकींच्या, आधारे शक्यता कमी करत नेल्या.

मर्सेन यांच्या यादीतील २५७ हा घातांकही चुकीचा निघाला, तर ६१, ८९ आणि १०७ हे तिच्यातून सुटले होते. संपूर्ण यादीची तपासणी १९४७ मध्ये पूर्ण झाली.