पावणेनव्व्याण्णव टक्क्यांची हमी

मे महिना लागला की अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानांत दर्शनी टेबलावर एक पुस्तक हमखास येऊन बसतं. मुखपृष्ठावर रंगीबेरंगी वर्तुळांची उतरंड आणि तिच्या टोकावर उभा असलेला पिवळ्या कपड्यांतला, टोपी घातलेला एक छोटा मुलगा. पुस्तक लहान मुलांचं, यमकात लिहिलेलं, चित्रांनी भरलेलं. घेऊन जातात ते मात्र अठरा ते बावीस वर्षांच्या मुलामुलींसाठी, शाळा-कॉलेज संपल्याची भेट म्हणून. डॉ. सूस यांचं ‘ओह, द प्लेसेस यू’ल गो!’ हे पुस्तक रँडम हाऊसने जानेवारी 1990 मध्ये काढलं. लेखकाचं वय तेव्हा 85 होतं. त्यांच्या हयातीत निघालेलं हे शेवटचं पुस्तक. त्याच्या 1 कोटीहून जास्त प्रती खपल्या आणि दर उन्हाळ्याच्या तोंडावर ते पुन्हा खपाच्या यादीत चढतं.

न्यू जर्सीत माझ्या मावसबहिणीच्या घरी या पुस्तकाची एक प्रत आहे. भाची बालवर्गात गेली तेव्हापासून दरवर्षी शेवटच्या आठवड्यात बहिणीने ती गुपचूप वर्गशिक्षकांकडे नेली आणि चार ओळी लिहून घेतल्या. बारावी संपल्यावर भाचीच्या हातात पुस्तक पडलं तेव्हा त्यात तेरा वर्षांची तेरा हस्ताक्षरं होती. तिकडे हा रिवाज बऱ्याच घरांत आहे. मी ती प्रत सावकाश चाळली. एका बाईंनी फुगा काढलाय, एका सरांनी फक्त सही आणि तारीख. 2020 साली शाळाच बंद होती, म्हणून त्या वर्षीच्या बाईंनी पोस्टाने चिठ्ठी पाठवली. बहिणीने ती चिकटवली आहे ती ताटकळणाऱ्या माणसांच्या पानावर. ती जागा तिने मुद्दाम निवडली होती.

कारण हे पुस्तक अभिनंदनाचं म्हणून दिलं जातं खरं, पण त्यातली कितीतरी पानं अभिनंदनाची नाहीत. मुलगा ऐटीत निघतो, उंच उडतो, आणि मग त्याचा फुगा काटेरी झाडाच्या फांदीत अडकतो. बाकीचे पुढे निघून जातात. तो घसरतो. अंधाऱ्या खिडक्यांच्या गावात शिरतो, डावीकडे जावं की उजवीकडे हे त्याला कळत नाही. पुढे एकट्याने खेळायचे डाव येतात, ज्यात समोर स्वतःच असतो आणि तरीही हरायला होतं. शुभेच्छांच्या पुस्तकात एवढी पडझड कुठून आली, हे समजायला लेखकाचं आयुष्य थोडं उलगडावं लागतं.

डॉ. सूस म्हणजे थिओडोर सूस गाइजेल. जन्म 2 मार्च 1904, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी. आजोबा जर्मनीहून आलेले आणि घरचा धंदा बिअर गाळण्याचा. आईचं माहेर बेकरीवाल्यांचं. मुलीपणी दुकानात गिऱ्हाइकांना पायांची नावं ठेक्यात म्हणून दाखवायची तिला सवय होती (पाय म्हणजे तिकडचा सारण भरलेला भाजीव पदार्थ). पुढे मुलांना झोपवताना ती तीच नावं गुणगुणायची. आपल्या यमकांचं श्रेय त्यांनी आयुष्यभर आईच्या त्या गुणगुणण्याला दिलं. आपल्याकडच्या ओवी-अंगाईची आठवण यावी अशीच ही गोष्ट. ताल आधी कानात शिरतो, अर्थ मागाहून.

पहिलं महायुद्ध आलं आणि जर्मन आडनावाच्या घरांकडे गाव संशयाने पाहू लागलं. युद्धानंतर 1920 मध्ये देशभर दारूबंदी झाली, आणि वर्षानुवर्षं चाललेला धंदा बसला. वडील पुढे गावच्या बागांचे अधीक्षक झाले. त्यात एक प्राणिसंग्रहालयही होतं. पोराच्या वहीत चित्रविचित्र प्राणी यायला लागले ते इथूनच.

1918 चा एक प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. बालवीर म्हणून युद्धाचे रोखे सर्वांत जास्त विकणाऱ्या दहा मुलांचा सत्कार होता आणि पदकं द्यायला माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आले होते. थिओडोर रांगेत दहावा. पदकं मात्र नऊच आणली होती. सगळं गाव बघत असताना हा मुलगा इथे काय करतोय, असं रूझवेल्ट यांनी विचारलं आणि त्याला मंचावरून खाली नेण्यात आलं. चूक आयोजकांची होती. पण मंचाची भीती त्या मुलाच्या मनात बसली ती आयुष्यभरासाठी. भर सभेत हात रिकामा घेऊन उतरलेला हाच मुलगा पुढे लाखो पदवीदान समारंभांची भेटवस्तू लिहून गेला, हे मला फार मोलाचं वाटतं.

डार्टमथ कॉलेजात ते विनोदी मासिकाचे संपादक होते. दारूबंदीच्या काळात मित्रांबरोबर जिन पिताना सापडले आणि संपादकपद गेलं. चित्रं छापून यावीत म्हणून त्यांनी मधलं नाव, म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, सही म्हणून वापरायला सुरुवात केली. ऑक्सफर्डला गेले ते पदवी न घेताच परतले. तिथे शेजारी बसणाऱ्या हेलन पामर यांनी त्यांच्या वहीतली चित्रं पाहिली आणि प्राध्यापक होण्याचा नाद सोडून चित्रंच काढा, असा सल्ला दिला. 1927 मध्ये दोघांनी लग्न केलं. मग कीटकनाशकाच्या जाहिरातींवर वर्षानुवर्षं घर चाललं.

1936 च्या उन्हाळ्यात युरोपहून कुंग्सहोल्म या जहाजाने परतताना समुद्र खवळलेला होता. इंजिनाचा एकसुरी ठोका डोक्यातून जाईना, म्हणून त्यांनी त्यावर शब्द बसवायला घेतले. दोन हलके, एक जोरकस. दोन हलके, एक जोरकस. असे चार झाले की ओळ पूर्ण. इंग्रजी छंदशास्त्रात या गणाला अ‍ॅनापेस्ट म्हणतात. आपल्या वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. यमाताराजभानसलगम् मधला ‘सलगं’ म्हणजे सगण, लघु-लघु-गुरू, आणि ओळीत असे चार सगण आले की तोटक वृत्त. ‘अधरं मधुरं वदनं मधुरं’ म्हणून पाहा, सूस यांच्या ओळीची चाल जिभेवर येईल. इंग्रजीत आघात मोजतात, आपल्याकडे अक्षराचा काळ, एवढा फरक सोडला तर चाल तीच, पुढे पुढे ढकलत नेणारी. 1990 च्या पुस्तकातही बहुतेक हाच ठेका आहे. मुलगा आपटतो तेव्हाही ठेका थांबत नाही. कुशीत घेऊन मोठ्याने वाचताना लहान मूल त्या वाईट पानांवर दचकत नाही, त्यामागे हेही एक कारण असावं.

जहाजावरच्या ठेक्यातून तयार झालेलं ते पहिलं पुस्तक प्रकाशकांनी एकामागून एक परत केलं. किती नकार आले, तो आकडा त्यांच्या सांगण्यात बदलत राहिला, पण 27 हा रूढ झाला आहे. हस्तलिखित घरी नेऊन जाळून टाकायचं ठरवून ते न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरून चालले होते. तेवढ्यात कॉलेजचा जुना सोबती माइक मॅक्लिंटॉक समोर आला. व्हॅनगार्ड प्रेस या प्रकाशनात मुलांच्या पुस्तकांचा संपादक म्हणून तो त्याच दिवशी रुजू झाला होता. 1937 मध्ये पुस्तक निघालं. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालत असतो तर आज ड्रायक्लीनिंगच्या धंद्यात असतो, असं सूस पुढे म्हणत. चिकाटीने सगळं मिळतं, असं त्यांनी कधी लिहिलं नाही, आणि त्याचं मूळ मला या फूटपाथवर दिसतं. चिकाटी तर 27 वेळा दाखवून झाली होती. उरलेला भाग योगायोगाचा होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

मधली वर्षं यशाची, आणि ती बहुतेकांना माहीत आहेत. 1957 मध्ये अवघ्या 236 शब्दांत लिहिलेलं टोपीवाल्या मांजराचं पुस्तक, 1960 मध्ये प्रकाशक बेनेट सर्फ यांच्याशी लावलेल्या पैजेतून 50 शब्दांत लिहिलेलं दुसरं, 1984 मध्ये पुलित्झरचा विशेष सन्मान. पण 1967 मध्ये हेलन यांनी दीर्घ आजारपणानंतर स्वतःचं जीवन संपवलं. चाळीस वर्षांची सोबत होती. पुढच्या वर्षी त्यांनी ऑड्री यांच्याशी लग्न केलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

मग शरीर थकायला लागलं. सत्तरच्या दशकात मोतीबिंदू, 1981 मध्ये हृदयविकाराचा झटका, 1983 मध्ये तोंडाचा कर्करोग. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नंतर वर्षानुवर्षं जबड्याचं दुखणं. दवाखान्यांच्या प्रतीक्षाकक्षात बसून बसून त्यांनी वहीत चित्रं काढली आणि त्यांतून 1986 मध्ये, ब्याऐंशीव्या वाढदिवसाला, म्हाताऱ्या माणसाच्या डॉक्टरी तपासण्यांवरचं पुस्तक आलं. त्यानंतर चार वर्षांनी हे 1990 चं.

म्हणून त्यातलं ताटकळण्याचं ठिकाण मला पुस्तकाचं काळीज वाटतं. सूस यांनी त्याला अगदी निरुपयोगी जागा म्हटलं आहे. तिथे माणसं नुसती थांबलेली आहेत. कुणी गाडी सुटायची वाट बघतंय, कुणी बस यायची, कुणी टपालाची, कुणी पाऊस थांबायची, कुणी फोन वाजायची, कुणी केस वाढायची, कुणी पतंगाला वारा मिळायची, कुणी नुसतंच हो किंवा नाही ऐकायची. या यादीत खलनायक नाही, अपघात नाही. निकालाची, व्हिसाची, नोकरीच्या पत्राची वाट बघत बसलेल्या कुठल्याही घरात ती जशीच्या तशी लागू पडते. तपासणीचा कागद हातात यायची वाट बघत खुर्चीत बसून राहिलेल्या माणसालाच अशी यादी सुचते. सूस यांनी दोन पुस्तकांचा धागा असा जोडून दाखवलेला नाही, हा माझा अंदाज आहे.

अमेरिकेत मुलांना चिकाटी शिकवणारी पुस्तकं आधीही होती. 1930 पासून गाजलेली एका छोट्या रेल्वे इंजिनाची गोष्ट तिकडे घरोघर माहीत आहे. जमेल मला, जमेल मला, असं म्हणत ते इंजिन चढ चढून जातं. गोष्ट गोड आहे, माझ्या भाचीला ती पाठ होती. पण तिथे चढ एकच, आणि तो पार होतो. सूस यांच्या पुस्तकात चढ संपत नाही. शिवाय मुलाला नावही नाही. सगळं ‘तू’ला उद्देशून आणि भविष्यकाळात, त्यामुळे ज्याच्या हातात पुस्तक, मुलगा तोच. शेवटाकडे वाचणाऱ्याचं नाव काय असेल याचे तर्क येतात, त्यांतलं एक मॉर्डेकाय अली व्हॅन अ‍ॅलन ओशे. ज्यू, मुसलमान, डच, आयरिश, सगळे एकाच नावात.

आणि यश मिळेलच का? पुस्तक सांगतं, हो, 98¾ टक्के खात्री. इंग्रजीत हा आकडा वाचताना थोडं अडखळायला होतं. आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या पिढीला त्यासाठी एकच शब्द पुरतो, पावणेनव्व्याण्णव. उरलेल्या सव्वा टक्क्यात दारूबंदी, नऊ पदकं, कर्करोग सगळं मावतं. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने मुलांना शंभर टक्के सांगितलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पदवीदानाशी या पुस्तकाची गाठ कशी पडली, त्यालाही एक आधीचा धागा आहे. जून 1977 मध्ये इलिनॉयमधल्या लेक फॉरेस्ट कॉलेजने त्यांना सन्माननीय पदवी दिली. भाषणाची भीती होतीच. त्यांनी उभं राहून एक छोटी कविता वाचली, मिनिट-सव्वा मिनिटाची, आणि खाली बसले. विद्यार्थी हरखून गेले. निरोपाच्या दिवशी लांब भाषणापेक्षा ठेक्यातल्या चार ओळी जास्त पोचतात, हे त्या दिवशी दिसलं. 1990 नंतर देशभरातल्या समारंभांत वक्ते याच पुस्तकातल्या ओळी म्हणू लागले.

सूस यांच्या कामाला काळी बाजूही आहे, आणि मुलांच्या हातात पुस्तक देणाऱ्याला ती माहीत असावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या त्यांच्या व्यंगचित्रांत जपानी वंशाच्या माणसांचं चित्रण अपमानकारक होतं. मार्च 2021 मध्ये त्यांच्या वारशाचं काम पाहणाऱ्या संस्थेने दुखावणाऱ्या चित्रांमुळे सहा पुस्तकांचं प्रकाशन थांबवलं. त्यांत 27 नकारांनंतर निघालेलं ते पहिलं पुस्तकही आहे. तो निर्णय मला योग्य वाटतो.

24 सप्टेंबर 1991 रोजी कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे, डोंगरावरच्या जुन्या मनोऱ्याभोवती बांधलेल्या आपल्या घरी ते गेले. अखेरच्या काळात त्यांच्या चरित्रकारांनी विचारलं होतं, काही सांगायचं राहिलंय का? त्यांनी विचार करून कागदावर लिहून दिलं की काम बिघडायला लागलं की मी स्वतःला सांगतो, याहून चांगलं जमेल तुला. आणि देशातल्या मुलांसाठी काही ठेवून जायचं तर हेच, की आपल्याला याहून चांगलं करता येईल आणि केलंच पाहिजे. मग कागद पुन्हा हातात घेऊन त्यांनी त्यातला ‘मुलांसाठी’ एवढा भाग खोडला. तिथे नुसता देश राहिला.