मंगळावर कार्बन डायऑक्साइड भरपूर, मग ऊब का नाही?

पृथ्वीच्या प्रत्येक चौरस मीटरवरच्या हवेत मिळून साधारण साडेसहा किलो कार्बन डायऑक्साइड आहे. मंगळावर तेवढ्याच जागेवर 150 किलोहून जास्त. तरीही मंगळाचं सरासरी तापमान उणे 60 अंशांच्या आसपास, आणि वातावरणामुळे मिळणारी ऊब जेमतेम 5 अंशांची. पृथ्वीला मात्र 33 अंश मिळतात. नुसती टक्केवारी (मंगळावर 95, इथे 0.04) पाहिली तर फसायला होतं.

नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंत दोन सारखेच अणू. ते कंप पावले तरी विद्युतभाराचा तोल ढळत नाही, म्हणून उष्णतेचे किरण त्यांतून आरपार जातात. कार्बन डायऑक्साइडचा तीन अणूंचा सरळ रेणू मध्ये वाकतो, आणि हे वाकणं 15 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या किरणांशी जुळतं. जमीन नेमकी त्याच पट्ट्यात भरपूर उष्णता बाहेर टाकते. किरण शोषलेला रेणू बहुतेक वेळा ती ऊर्जा शेजारच्या रेणूंना टकरीतून देऊन टाकतो, आणि सगळीच हवा तापते.

पण हा पट्टा सलग नाही. फणीच्या दातांसारख्या हजारो बारीक रेषांचा आहे. दाब जास्त असेल तर टकरा वाढतात आणि रेषा रुंद होतात. मंगळावर दाब 6 मिलिबार, आपल्याकडे 1013. तिथले दात बारीकच राहतात, मधल्या फटींतून उष्णता निसटते. त्या पट्ट्याबाहेरच्या फटी आपल्याकडे बऱ्याच अंशी पाण्याची वाफ बुजवते. मंगळावर तीही नावालाच. शुक्रावर दाब पृथ्वीच्या 92 पट, त्यामुळे एरवी क्षीण असलेल्या रेषाही मोठा अडसर होतात. पांढऱ्या ढगांमुळे शुक्र पृथ्वीपेक्षा कमी ऊन शोषतो, तरी पृष्ठभाग 464 अंशांवर.

‘खालची हवाच सगळं शोषते, मग आणखी वायूने काय बिघडतं?’ हा आक्षेप स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ क्नूट आंगस्ट्रॉम यांनी 1900 मध्येच घेतला होता. खालच्या हवेपुरता तो बराचसा बरोबर. पण हिशेब ठरतो वर, जिथून उष्णता अखेर अवकाशात सुटते तिथे. पृथ्वीवर ही पातळी सरासरी 5 किलोमीटरवर आहे. वायू दुप्पट झाला की ती सुमारे 150 मीटर वर सरकते. तिथली हवा जास्त गार, म्हणून उष्णता कमी सुटते, आणि येणं-जाणं पुन्हा जुळेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं. वर जाताना किलोमीटरमागे साडेसहा अंशांची घट धरली, तर 150 मीटरचा साधारण 1 अंश होतो. तापलेल्या हवेत वाढलेल्या वाफेची भर त्यात अजून धरलेली नाही.