किशोरवयीनांसाठी मानसोपचाराची औषधयोजना

नैराश्य, चिंता, ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होणे), सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटणे) असे आजार असलेल्या किशोरवयीन मुलांना औषध कधी, कोणते, किती आणि किती काळ द्यायचे, हे ठरवण्याची पद्धत. मोठ्यांची गोळी अर्धी केली की मुलांची होते, हा समज चुकीचा आहे.

सौम्य नैराश्यात आधी बोलण्याचे उपचार करतात आणि झोपेची घडी बसवतात. ठाण्यात १९९०पासून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था समुपदेशनाचे काम करते. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरील औषधाला पहिली पसंती असते. अमेरिकेत ते नैराश्यासाठी ८ वर्षांपासून, तर त्याच गटातले एस्सिटालोप्राम १२ वर्षांपासून मान्य आहे. सुरुवात बहुधा १० मिलिग्रॅमने होते. गोळीला थेरपीची जोड दिल्यास गुण अधिक येतो, असे किशोरवयीनांच्या नैराश्यावरील २००४च्या टॅड्स या अमेरिकी अभ्यासात दिसले.

त्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनाने नैराश्यावरील गोळ्यांबाबत ठळक इशारा दिला. चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन गोळी घेणाऱ्या सुमारे ४ टक्के, तर नकली गोळी घेणाऱ्या २ टक्के मुलांत आढळले होते. प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत मुलाला वरचेवर तपासायचे असते. बेचैनी, उडालेली झोप, अचानक वाढलेली चिडचिड दिसली तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. प्रत्यक्षात चुकते ते इथेच. ‘डॉक्टर, दहावीचं वर्ष आहे, सुस्ती येणारी गोळी नको,’ असे आई सांगते. आठवडाभरात ‘फरक नाही’ म्हणून स्ट्रिप देवघराच्या फळीवर जाते. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. बरे वाटल्यावरही गोळी किमान सहा महिने चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात.

सायकोसिसवरील रिस्पेरिडोनसारख्या औषधांत वजन व साखर, तर मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियममध्ये रक्तातील पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासत राहावे लागते. मनःस्थिती स्थिर ठेवणारे दुसरे औषध व्हॅल्प्रोएट मुलींना शक्यतो देत नाहीत. पुढे गरोदरपणात ते बाळाला घातक ठरते.

कुठल्याही रुग्णालयात अठरा वर्षांखालील मुलाला मानसिक आजारासाठी दाखल करायचे, तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते, पालकाने किंवा नेमलेल्या प्रतिनिधीने सोबत राहायचे असते आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ७२ तासांत कळवावे लागते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही चालू असतो.