आगाखान पॅलेस इंग्रजांनी बांधलेला तुरुंग नव्हे

पुण्यात नगर रस्त्यावरून आगाखान पॅलेससमोरून जाताना रिक्षावाले काकाही सांगतात, ‘हा इंग्रजांनी बांधलेला तुरुंग.’ नाही हो. तुरुंग आहे तो येरवड्याचा. १९३२चा पुणे करार तिथला. हा वाडा तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी १८९२मध्ये स्वतःच्या पैशाने बांधला, दुष्काळात होरपळलेल्या लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. ऑगस्ट १९४२मध्ये सरकारने गांधीजींना इथे स्थानबद्ध केलं, तेव्हा तो तुरुंग झाला.

आठवड्याच्या आत त्यांचे सचिव महादेवभाई देसाई इथेच गेले. २२ फेब्रुवारी १९४४ला कस्तुरबा. मागच्या बाजूला दोघांच्या समाध्या आहेत, तुळस लावलेल्या. तिथे माझा आवाज आपोआप खाली येतो. १९६९मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला दिली. आता ती राष्ट्रीय स्मारक आहे.